मधातलं तेवढं साफ

२१ ऑक्टोबर १९८६, गडचांदूर
कॅमेऱ्यात आज रोल भरला. नागपूरला दीक्षाभूमीवर मामाने घेऊन दिला तेव्हापासून नुसता फळीवर पडून होता. पुस्तकांच्या दुकानांच्या मधात एकजण असल्या कॅमेऱ्यांचा ढीग लावून बसला होता. सगळं काळं प्लास्टिक, भिंगसुद्धा प्लास्टिकचं. वजन साबणाच्या वडीएवढं. हलवला की आत काहीतरी खुळखुळतं.
आई तेव्हाच म्हणाली होती, "बी.ए. झालेल्या पोट्टीले खेळणं कायले?" मामा म्हणे, "खेळण्यातून खरा फोटो निघते का, हेच तर पाह्याचं आहे."
आज काढले ते: आई दारात. समोरच्या क्वार्टरची शेळी. सिमेंट कारखान्याची चिमणी. बाबा कारखान्याच्या बसच्या ड्यूटीवरून येताना, खाकी शर्टात. बाबा थांबले, टोपी नीट केली. "काढ, काढ. बसवाल्याचा फोटो कोणी काढत नाई."

२६ ऑक्टो.
शेषरावभाऊंनी रोल धुऊन दिला. बाजारात त्यांचा एकच स्टुडिओ, मागे पडद्यावर ताजमहाल. निगेटिव्ह उजेडात धरून हसत सुटले.
"करुणाताई, हा क्यामेरा नाई, चाळणी आहे. चहूकडून उजेड घुसून राह्यला."
सगळा रोल धुकं. आई नाही, चिमणी नाही, बाबा नाहीत. एका फोटोत शेळीचं एक शिंग, आणि ते मात्र इतकं स्पष्ट की त्यावरची वळणं मोजता येतील.
शिंगच का? बाकीची शेळी कुठे गेली?

२७ ऑक्टो.
उजेड कुठून घुसतो ते शोधलं. टॉर्चचा छोटा बल्ब वायरने सेलला जोडून कॅमेऱ्याच्या आत ठेवला, झाकण लावलं आणि दुपारी गोधडीत शिरून पाहिलं. बाहेरचा उजेड आत जातो त्याच वाटेने आतला बाहेर येणार. आला. झाकणाच्या दोन्ही कडांनी, आणि फोटोचा नंबर दिसायला मागे जी लाल खिडकी असते तिच्यातून तर धो धो.
बाबांनी गोधडी वर केली. "काय करून राह्यली व? बरी आहेस ना?"
सांगितलं. त्यांना आवडलं. बसच्या हत्यारांच्या डब्यातून वायरिंगची काळी टेप आणून दिली. टेपचं टोक त्यांना सापडेना, नखाने चाचपत राहिले. शेवटी मीच सोडवलं.

५ नोव्हेंबर
निघाले!! टेपने काम केलं.
मधातलं तेवढं साफ. कडेकडेला सगळं वितळल्यासारखं, आणि चारी कोपरे काळे. शे.भाऊ म्हणतात भिंग हलकं आहे, वापस करा. मी कशाला वापस करते. कोपरे काळे असल्यामुळेच आपण कुठल्या तरी भोकातून चोरून पाहतोय असं वाटतं.
एक गंमत. रोल पुढे सरकवायला विसरले आणि एकाच जागी दोन फोटो बसले. आई मिरच्या निवडत बसलेली आणि तिच्या डोक्यातून कारखान्याची चिमणी निघालेली, धुरासकट.
आई: "माझ्या डोक्यात कारखाना घातला का व?"
मग फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिली. "तसा तो तिथीच असते म्हणा."
आता मुद्दाम करून पाहायचं. एकावर दुसरा. कशावर काय.

१२ नोव्हें.
टायपिंगचा क्लास बुडवला. बाबांचा वाचायचा चष्मा कॅमेऱ्यासमोर चिकटवला तर जवळचं निघतं! सुतळीने अंतर मोजून ठेवलं. कापसाचं बोंड काढलं, त्यावर सिमेंटची धूळ. इथे पानं, कपडे, शेळ्या, सगळ्यांवर तीच धूळ. फोटोत मात्र ती पिठासारखी दिसते. सुंदर दिसते म्हणायला जीभ वळत नाही, पण दिसते.
चष्मा परत द्यायला गेले तर बाबा म्हणाले, "राहू दे तुयाजवळच. दोनदा नंबर बदलला, मले काही फरक पडत नाई त्यानं."
मला काय, चष्मा मिळाला.

१९ नोव्हें.
नवीन: रोलच्या पाठीला जो काळा कागद असतो तो शे.भाऊ फेकून देतात. तो मागून आणला, गुंडाळून नळी केली आणि भिंगासमोर लावली. डोळा लावायच्या वरच्या खिडकीतून काही कळत नाही कसं येईल ते, ती खिडकी भिंगापासून वेगळीच. निघेल तेव्हाच कळणार. हे न कळणंच मला आवडायला लागलंय.
अर्धे फोटो नळीने, अर्धे बिननळीचे.

२४ नोव्हें.
शे.भाऊ: "हे काय, विहिरीत बसून काढले का?"
गोल. काळ्याभोर अंधारात एक गोल, आणि गोलात आमची गल्ली. कडा मऊ, हळूहळू अंधारात जाणाऱ्या.
संध्याकाळी बाबा आले, हातपाय धुतले. मी सगळे फोटो खाटेवर मांडले होते. बाबांनी एकेक उचलून डोळ्यांसमोर धरला. गोलवाला हातात आला तसे थांबले.
"हा मस्त आला. हा बरोबर आहे. बाकीचे काऊन असे पसरट काढते?"
मी हसले. आईपण हसली.
बाबा नाही हसले. त्यांनी विनोद केलाच नव्हता.

२८ नोव्हें.
चार दिवसांपासून बाबांकडे पाहत आहे. त्यांच्या नकळत.
चहाचा कप डाव्या बाजूने दिला तर घेत नाहीत. दिसलाच नाही असं करतात. समोर धरला की लगेच घेतात. खाटेचा पाय लागतो, रोज तोच, रोज त्याच घोट्याला. कुणी हाक मारली की पूर्ण मान फिरवतात, चिमणपाखरासारखी. काल दारातली बादली लाथाडली आणि आईवरच ओरडले.
आईला म्हटलं, "बाबांना बरोबर दिसते ना?"
"वय झालं व. पन्नाशीच्या पुढं सगळ्याईचं असंच."
पण जुना चष्मा लावून पेपर वाचतात. बारीक अक्षरसुद्धा. लांबच्या गाडीचा नंबर वाचतात. मग?

७ डिसेंबर
काल विहारात गेलो होतो, महापरिनिर्वाण दिन. बाबा गर्दीत माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले. मला वाटलं मायेने.
आज तीन नळ्या केल्या. आखूड, मध्यम, लांब. उंबरठ्यावर स्टूल ठेवून, त्यावर कॅमेरा. समोर रस्ता. डावीकडे हातपंप, उजवीकडे कडुलिंबाला टेकवलेली सायकल, मधात दूरवर माणिकगडचा डोंगर. आधी नळीशिवाय, मग एकेक नळी लावून. कॅमेरा जराही हलू दिला नाही.
मी हे का करते आहे? प्रयोग म्हणून करते आहे. असं लिहिते तरी.

१४ डिसें.
चारही फोटो दाखवले. आई देवळीतला कंदील पुसत होती.
"बाबा, आपल्या दारातून पाहिलं तर कसं दिसते? यातला कोणता बरोबर?"
"हे काय खूळ?"
"सांगा तर."
पहिला, बिननळीचा, लगेच बाजूला. आखूड नळीचा पाहिला, "नाई." मध्यम, थोडे थांबले. लांब नळीचा घेतला. त्यात हातपंप नाही, सायकल नाही, लिंब नाही. फक्त रस्त्याचा तुकडा आणि डोंगर.
"हा."
बाबांनी परत पहिला फोटो उचलला आणि डोळ्यांसमोरून सरकवू लागले, डावीकडून उजवीकडे. हातपंपाशी थांबले. सायकलीशी थांबले. मग दारातून बाहेर पाहिलं. मान फिरवली. हातपंप. परत फिरवली. सायकल.
"तुले दोन्ही एकदम दिसते?"
"हो."
"मान न हालवता?"
"हो, बाबा."
फोटो खाटेवर ठेवले. एकदम मोठ्याने, "माझी परीक्षा घेऊन राह्यली का? मी बस चालवतो पंचवीस वर्सं झाली, तुया बापाले दिसत नाई असं म्हणतं?"
चप्पल घालून निघून गेले. दारातली बादली या वेळी आईने आधीच उचलून घेतली होती.

१५ डिसें.
म्हणजे आईला ठाऊक आहे.
विचारलं. ती पीठ मळत राहिली. "मागच्या पावसाळ्यापासून. ताटातली चटणी दिसत नाई त्याईले, भाकरीच दिसते. मी चटणी भाकरीवरच ठेवतो."
"आणि बस?"
"नवकरी आहे तवर हे क्वार्टर आहे. नवकरी गेली तर कुठी जाऊ, सांग. तुया लग्नाचं तर मी नावच नाई घेत."
"आई, बसमध्ये माणसं असतात."
"ठाऊक आहे मले," ती म्हणाली. पीठ मळून झालं होतं तरी मळतच राहिली.

२० डिसें.
बाबा बोलत नाहीत. जेवतात, ड्यूटीला जातात.
कॅमेरा उचलला, परत ठेवला. मी तर फक्त पाहत होते भोकातून काय दिसतं ते.

४ जानेवारी १९८७
आज बाबांच्या बसने खदानीत गेले. म्हटलं, खदानीचे फोटो पाहिजेत. बाबा "हूं" म्हणाले, एवढंच.
बस वसाहतीतून बाजार, बाजारातून रेल्वेचं फाटक, मग कच्च्या रस्त्याने चुनखडीच्या खदानीपर्यंत. आत पहिल्या पाळीचे कामगार, बायकापण. शांताबाई भेटली, आमच्या मागच्या लाइनीतली, डबा मांडीवर घेऊन. मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर.
क्लीनर मारोतीभाऊ दारात उभा. चाळिशीचा, अमलनाल्याकडच्या ढिवरांचा. बापभाऊ तळ्यात मासे धरतात, हा एकटाच गाडीवर आला. याची एक सवय सगळ्यांना माहीत आहे, रस्ताभर बडबडतो. "डावीकडे म्हशी वस्ताद, तीन म्हशी. उजवीकडून ट्रक. सायकल, सायकल, गेली." आणि दाराच्या पत्र्यावर थाप. लोक त्याला रेडिओ म्हणतात.
आज ऐकलं नीट. तो उगाच बडबडत नाही. एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब.
खदानीत उतरल्यावर बाबा चहाला गेले. मारोतीभाऊ टायर ठोकत होता.
म्हटलं, "भाऊ, तुम्हाला ठाऊक आहे ना?"
त्याने बाबा कुठे आहेत ते पाहिलं. "हाव बाई. आन् वस्तादाले बी ठाऊक आहे का मले ठाऊक आहे. पण आमी बोलत नाई."
"कधीपासून?"
"वस्तादानं मले गाडीवर घेतलं, पोटाले लावलं. मंग मी त्याईचे डोळे झालो तं काय झालं?"
खदानीचे फोटो काढले. पांढऱ्या पायऱ्या, तळाला हिरवं पाणी. रोल दर वेळी अर्ध्याच फोटोएवढा सरकवत, एकाच्या कडेवर दुसरा चढवत. सगळी खदान एका लांब पट्टीत यावी म्हणून.

१३ जाने.
लांब पट्टी जमली. शे.भाऊंनी रोल धुतला तेव्हा पहिल्यांदा हसले नाहीत. कात्री लावली नाही, अख्खी पट्टीच कागदावर छापून दिली. खदान संपतच नाही त्यात. जिथे एक फोटो दुसऱ्यावर चढलाय तिथे बायका दोनदा दिसतात, एकदा उभ्या, एकदा वाकलेल्या, आणि त्यांच्या अंगातून दगड दिसतो.
शे.भाऊ म्हणाले, "ताई, दुकानाच्या काचेत लावू का एक? लोक पाहतीन." लावा म्हटलं. घरी येईपर्यंत खूश होते.
घरी बाबा. पट्टी हातात घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत गेले, हळूहळू, बोटाने. पूर्ण पाहिली. मग परत पहिल्या टोकापासून.
"एवढी मोठी आहे का ती," म्हणाले. एवढंच. महिन्याभरात माझ्याशी पहिलं वाक्य.

१८ जाने.
कुणाला सांगावं? कारखान्यात सांगितलं तर घर जातं. नाही सांगितलं आणि उद्या मारोतीभाऊची थाप अर्ध्या सेकंदाने चुकली तर
शांताबाई काल हातपंपावर म्हणाली, "तुये बाबा मस्त चालवतेत. हळू चालवतेत, धक्का नाई लागत." मी कळशी उचलून आले.

२९ जाने.
जसं झालं तसं लिहिते.
सकाळी बाबा शर्टाची बटणं लावताना म्हणाले, "मारोतीले ताप भरला. आज मी एकटाच." आईच्या हातातून झारा पडला. बाबांनी न ऐकल्यासारखं केलं.
मी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि मागे पळाले. बस भरत होती. मी आत नाही बसले, दारात उभी राहिले, मारोतीभाऊच्या जागी.
"खाली उतर," बाबा म्हणाले.
"फोटो काढायचे आहेत."
बाबांनी मान पूर्ण फिरवून माझ्याकडे पाहिलं. मग गियर टाकला.
बाजारात डावीकडे केळ्याची हातगाडी. मी हळू आवाजात सांगितलं. बस तशीच चालली. मग मी पत्र्यावर थाप मारली आणि ओरडले, "डावीकडे हातगाडी, बाबा!" बस हळू झाली. मागून कुणीतरी, "वस्तादाची पोट्टी क्लीनर झाली रे!" सगळे हसले. मीपण हसले बहुतेक. फाटकापर्यंत ओरडत राहिले. बकरी, सायकल, पोरं, ट्रक. माझा हात लाल झाला. हसणं हळूहळू थांबलं ते मला जाणवलं, पण मागे वळायला वेळ नव्हता.
फाटक ओलांडल्यावर डावीकडच्या शेतातून कापसाची बंडी रस्त्यावर आली. बैल उधळलेले. दोन्ही हातांनी पत्रा बडवला. "बाबा, डावीकडे! बैल!"
बाबांनी ब्रेक मारला. सगळे पुढच्या सीटवर आपटले. बैल बसच्या अगदी अंगाला, एकाचं शिंग दिव्याजवळ, बंडीवाला कासरा ओढतोय.
आणि बाबा मोठ्याने म्हणाले, "कुठी? कुठी आहे बैल?"
पूर्ण बसने ऐकलं.
बंडी निघून गेली. मग पहिली शांताबाई उठली. डबा घेतला, माझ्या बाजूने खाली उतरली. माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्यामागे दुसरी. मग पुरुष. कुणी शिवी दिली नाही, दिली असती तर बरं वाटलं असतं. सगळे खदानीच्या रस्त्याने चालत निघाले, एकामागे एक, लांब रांग.
बाबांनी विचारलं, "बाजूले कोणी नाई ना?"
"नाही."
बस रस्त्याच्या कडेला घेतली. बंद केली. किल्ली काढून मुठीत धरली. दोन्ही हात स्टीअरिंगवर.
"मधात सगळं साफ दिसते व," म्हणाले. "म्हणून मले कळलंच नाई किती गेलं ते. अंधार असता तं कळलं असतं. अंधार नाई दिसत. काहीच नाई दिसत तिथी, म्हणून नाई आहे असं बी नाई वाटत."
मग आम्ही खदानीच्या ऑफिसपर्यंत चालत गेलो. मी त्यांच्या डाव्या बाजूने. गाड्यांच्या साहेबांसमोर बाबांनी किल्ली टेबलावर ठेवली. "साहेब, माझे डोळे तपासा. तवर गाडी दुसऱ्याले द्या."
फोटो एकही काढला नाही.

३० जाने.
मारोतीभाऊ तापातच उठून आला. दारात बसला, रडला. बाबा त्याला रागावले, "तू काऊन रडतं? तू नसता तं कधीच कोणाले मारलं असतं मी."
आई आत. बाहेर आली नाही.

३ फेब्रुवारी
काल शांताबाई आली. मला वाटलं विचारपूस करायला. उभ्यानेच बोलली, सगळी लाइन ऐकेल असं.
"तुमाले दिसत नव्हतं आन् तुमी आमाले घेऊन फिरत होते. माये दोन लेकरं आहेत घरी. बैलाच्या जागी ट्रक असता तं? घरातल्या सगळ्याईले ठाऊक होतं म्हणतेत."
शेवटचं माझ्याकडे पाहून.
बाबांनी हात जोडले. ती अजून बोलली असती, पण तिचाच आवाज फाटला आणि ती गेली. आज हातपंपावर मला पाहून कळशी रिकामीच घेऊन वळली.
तिचं काय चुकलं? काहीच नाही.

८ फेब्रु.
नागपूरहून परत. मोठ्या दवाखान्यात बाबांना एका पांढऱ्या पडद्यासमोर बसवलं, मधातल्या बिंदूकडे पाहायला सांगितलं आणि कडेने बारीक उजेड आत आणला. दिसला की बोला. बाबा खूप उशिरा बोलायचे. मी मागे उभी राहून पाहत होते. उजेड जिथे दिसला तिथे डॉक्टर पेन्सिलीने टिंब देत गेले. टिंबं जोडली तर मधात छोटा गोल.
मला लांब नळी आठवली. बाबांनाही आठवली असावी, कारण त्यांनी खिशातून तो फोटो काढला. मला ठाऊकच नव्हतं त्यांच्या खिशात आहे ते. डॉक्टरांपुढे धरला. "असं दिसते मले, साहेब. पोरीनं काढला."
डॉक्टरांनी आधी बाबांकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग माझ्याकडे. "कशाने काढला?"
"खेळण्यातल्या कॅमेऱ्याने."
काचबिंदू. डोळ्याच्या आत दाब वाढतो, दुखत नाही, कडेकडेने नजर खात येतो. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येत नाही. आहे ते राखू. थेंब रोज टाकायचे, जन्मभर. मला म्हणाले, हा आजार घराण्यात असू शकतो, तुमचेही डोळे तपासून घ्या. तपासले. मला सगळे उजेड लवकर दिसले. बाबांनी तीनतीनदा विचारलं, "हिचं साफ आहे ना?"
गाडी चालवायची नाही. कधीच.
येताना एस.टी.त बाबा खिडकीजवळ बसले नाहीत. "तू बस. तुले दोन्हीकडचं दिसते."

२० फेब्रु.
कारखान्यातून अजून काही नाही. कुणी म्हणतं गेटवर बसवतील, कुणी म्हणतं घरी बसवतील. क्वार्टरचं कुणीच बोलत नाही. आईने एक ट्रंक खाली काढून ठेवली, म्हणते झाडायला काढली.
मी दोन ठिकाणी अर्ज टाकले. टायपिंगचा वेग वाढलाय. शे.भाऊ म्हणतात स्टुडिओत हाताखाली ये, धुवायचं शिकवतो. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली फोटो पाण्यात वर येताना मी परवा पहिल्यांदा पाहिला. आधी काहीच नाही, मग काळे कोपरे, मग मधलं. कोपरे आधी येतात! मला वाटलं होतं उलट होईल. जाईन मी. आईला सांगायचं आहे.

२ मार्च
बाबांचे थेंब. मान मागे, डोळा मी उघडून धरते. पहिल्या दिवशी दोघंही अवघडलो होतो, आता गप्पा चालतात.
आज म्हणाले, "तुया त्या खेळण्यात कडेचं काऊन वितळते?"
"भिंग हलकं आहे म्हणून."
"पण येते तं सही. वितळलेलं का होईना."
मारोतीभाऊ नव्या ड्रायव्हरजवळ आहे. म्हणतो, त्याच्यासमोर बडबड केली की तो चिडतो. सवय जात नाही.

११ मार्च
पळस पेटलाय रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी. रोल काळापांढरा, लाल येणार नाही, तरी एक रोल भरून घेतला.
बाबांनी कॅमेरा मागितला. मी खिडकीतून कसं पाहायचं ते दाखवायला लागले तर म्हणाले, "त्यातून नाई पाह्यचं मले."
अमलनाल्याकडच्या रस्त्याने चालत गेलो, ते पुढे, मी मागे. बाबा सरळ समोर पाहत उभे राहायचे आणि कॅमेरा मात्र डावीकडे धरायचे, छातीजवळ, हात लांब करून. मान फिरवायची नाही. खट्. मग उजवीकडे. खट्. समोरचा एकही नाही काढला.
एकदा डावीकडे गवताच्या मोळ्या घेऊन बायका येत होत्या. त्यांच्यात शांताबाई होती का, मला नीट दिसलं नाही, मोळीने तोंड झाकलं होतं. मी सांगायला गेले, "बाबा, तिकडे..."
"सांगू नको," ते म्हणाले. "फोटो हातात धरला का डावीकडचं बी मधात येते. तवा पाहतो कोण आहे ते."
बायका आमच्या बाजूने गेल्या. त्यातली एक मोळीखालून पाहत थांबल्यासारखी झाली. खट्. मग ती चालू लागली.
रोल संपला. शे.भाऊ बल्लारशाला लग्नाला गेलेत, परवा येतील. बाबांनी रोल कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला. उन्हाला लागू नये म्हणून वरून हात.